आतलं कोण तपासतं

१२ जुलै, शुक्रवार
स्फूर्ती गेली.
आठवी 'ब'. खिडकीकडचा दुसरा बाक.
आज एवढंच.

१३ जुलै
लिहून ठेवते, नाहीतर डोक्यात हेच फिरत राहील.
पी.टी.चा तास होता. मुली बोलवायला आल्या — "टीचर, स्फूर्तीला श्वास येत नाहीये!" दमा तिला लहानपणापासून. पंप दप्तरात सापडला, पण संपलेला. ओठ निळे पडू लागले होते. ऑफिसमधून गावातल्या राधाकृष्ण यांच्या खासगी ॲम्ब्युलन्सला फोन केला. सरकारी गाडीपेक्षा ती जवळ असते. आलीही लगेच. पांढरीशुभ्र, वर निळा दिवा, सगळं व्यवस्थित. मला बरंच वाटलं, हे लिहिताना लाज वाटते.
मी तिच्याबरोबर चढले. ड्रायव्हर सेतू — चाळिशीचा, घाबरलेला माणूस — त्याने मास्क तिच्या तोंडावर बांधला, सिलिंडरची चावी फिरवली आणि पुढे जाऊन बसला. मदतनीस वगैरे कोणी नाही.
मास्क लावल्यावर ती जास्तच गुदमरली. मी म्हणत राहिले, "हळू, हळू घे, आत्ता बरं वाटेल." तिनेच मास्क ओढून काढला. मी पुन्हा लावला! मग मी माझ्या गालाला लावून पाहिला. हवा नव्हती. काहीच नव्हतं.
काच वाजवून ओरडले. सेतू म्हणाला, "सिलिंडर आहे की अम्मा, आहे की!"
स्वामीमलैच्या देवळात मुहूर्ताची लग्नं, पुलावर व्हॅनच व्हॅन. सायरन ओरडतोय आणि कोणाला हलायला जागा नाही. शाळा तिरुवलंचुळीची, तिथून कुंभकोणमचं हॉस्पिटल ते काय लांब! तेवढंही पुरलं नाही.
तिचा हात माझ्या हातात होता. आधी घट्ट होता.

१४ जुलै
रात्री जेवताना ह्यांनी गाडीचा नंबर विचारला. मी सांगितला. ह्यांनी पुढचा घास घेतला नाही. पान तसंच सारून उठले. मागच्या अंगणात जाऊन उभे राहिले.
मी मागे गेले. म्हणाले, "ती गाडी माझ्याच हातून पास झालीय."
हे मोटार वाहन निरीक्षक. इतकी वर्षं ब्रेक, टायर, दिवे, सायरन तपासतात. गावात सगळे म्हणतात, सुंदरेश सार कडक माणूस. मी विचारलं, सिलिंडर नाही पाहिला?
"पाहिला. आहे की नाही एवढंच विचारलंय नियमात. होता."
"उघडून?"
"ते नियमात नाही, रंजनी."
मी आत आले.

१८ जुलै
हरिकृष्णांकडे जाऊन आले. स्फूर्तीचे वडील. मोठ्या रस्त्यावर त्यांचं वह्या-पेनांचं दुकान आहे. आपल्यातलेच. पिढ्यान्‌पिढ्या इथलेच मराठी, दूरचं नातंही निघतं. प्रीति, तिची आई, माझा हात धरून बसली. "तू होतीस ना तिच्याजवळ, अक्का. एकटी नव्हती ना ती?"
नव्हती म्हटलं.
हेही आले होते माझ्याबरोबर. हरिकृष्णांशेजारी चटईवर बसले, मान खाली. हरिकृष्ण ह्यांना म्हणाले, "तुम्ही त्याच खात्यातले. मला सांगा, असल्या गाड्या रस्त्यावर येतात कशा?"
हे म्हणाले, "चौकशी करतो."
चौकशी करतो! परत येताना स्कूटरवर मी ह्यांच्या पाठीला टेकले नाही.

२ ऑगस्ट
घरात बोलणं म्हणजे — दूध आलं, गॅस संपला, दार लावा. बस्स. सासूबाईंच्या लक्षात आलंय. आज पूजेची भांडी घासता घासता म्हणाल्या, "माझ्या लेकाने चोरी नाही केली गे."
चोरी केली असती तर भांडले असते. हे भांडण्यासारखं नाही, हेच तर आहे.

१९ ऑगस्ट
सरकारने नियम बदलायचं काढलंय. दोन मसुदे एकदमच आलेत, एक शाळांचा, एक ॲम्ब्युलन्सच्या तपासणीचा. शाळेत आजारी मुलांसाठी खोली, औषधं, आणि प्रथमोपचार शिकलेला एक माणूस हवाच. गाड्यांच्या मसुद्यात आतल्या सामानाचं काहीतरी आहे, पण मोघम. लोकांनी सूचना द्याव्यात, तंजावरला सुनावणी होईल.
ह्या गावाला हे नवीन नाही. कुंभकोणमच्या शाळेत मुलं जळाली त्या आगीनंतर शाळांवरची गवताची छपरं गेली, जिने रुंद झाले. इथे नियमाच्या मागे नेहमी एक फोटो असतो, हार घातलेला.

२३ ऑगस्ट
आमची शाळा चालवणारे करस्पाँडंट गुरुमूर्ति यांनी सगळ्या शिक्षकांना हॉलमध्ये बसवलं. शाळांच्या मसुद्याला विरोध करायचा म्हणाले. "प्रत्येक शाळेला नर्स कुठून आणायची? मुलं आजारी पडली तर आईबाप आहेत, हॉस्पिटल आहे." सगळ्यांनी सही करायची.
मी नाही केली.
"टीचर, त्या मुलीचं वाईट सगळ्यांनाच वाटतं. पण त्यात शाळेचा काय दोष?"
मी म्हटलं, "सार, तिचा पंप रिकामा आहे हे आपल्यापैकी कोणाला माहीत होतं?"
सही न करणारी मी एकटीच निघाले. परवापासून मला आठवी नाही. पहिली-दुसरी.

२४ ऑगस्ट
हरिकृष्ण दुकान लवकर बंद करून आले. सुनावणीत बोलायचंय, पण मांडायचं कसं कळत नाही म्हणाले. सासूबाईंनी कॉफी दिली. मी त्यांच्याशी बोलत होते आणि हे आतल्या खोलीत, दार अर्धं उघडं. आपण ह्या माणसाला फसवतोय असं वाटत राहिलं.
गेल्यावर मी आत जाऊन एवढंच म्हटलं — "तुम्ही सांगणार, का मी सांगू?"


२० सप्टेंबर, शुक्रवार
सुनावणी झाली. तंजावरहून संध्याकाळच्या बसने परत आले.
पुढे टेबलावर मोठे अधिकारी. एका बाजूला खात्याची माणसं, त्यांत हे. दुसऱ्या बाजूला गाडीमालक. राधाकृष्ण पहिल्या रांगेत, इस्त्रीची वेष्टी नेसून. गाडीमालकच जास्त बोलले. प्रत्येक गाडीचं आतलं सामान तपासायला लागलात तर गाडी रस्त्यावर कमी आणि तपासणीच्या मैदानात जास्त राहील, म्हणे. खोटंही नाही ते.
मग हरिकृष्णांना बोलावलं. मी आणि त्यांनी मिळून चांगलं तमिळ लिहिलं होतं, ते खिशातच राहिलं. माईक धरून म्हणाले, "माझ्या मुलीला ज्या गाडीत घातलं तिच्यात सगळं होतं. दिवा होता, सायरन होता, सिलिंडर होता. फक्त हवा नव्हती. मला एकच विचारायचंय. त्या गाडीला पास कोणी केलं?"
टेबलावरचे म्हणाले, आजचा विषय तो नाही, सूचना द्या.
"माझी हीच सूचना आहे. नाव सांगा."
हॉलमध्ये खोकल्याचे आवाज. पुढच्या माणसाला बोलवा म्हणून कोणीतरी खूण केली. आणि खात्याच्या बाजूला एक खुर्ची सरकली.
"मी केलं, सार." हे उभे होते. "नियमात विचारलं होतं तेवढंच पाहिलं. चावी फिरवून पाहायला हवी होती. ती फिरवायला काही लागत नाही. फिरवली नाही."
हरिकृष्ण ह्यांच्याकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे. माईक हळूच टेबलावर ठेवला आणि बाहेर गेले.
मी मागे धावले नाही. कुठल्या तोंडाने?

२१ सप्टेंबर
सकाळीच दारात हरिकृष्ण. आत या म्हटलं तर आले नाहीत. ह्यांना बोलावलं.
"माझ्या घरी चटईवर बसला होतात, तेव्हा माहीत होतं?"
"होतं."
"आणि हिला?"
"मला पण," मी म्हटलं.
मान हलवली. चप्पल घालून गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

७ ऑक्टोबर
ह्यांच्यावर खात्याची चौकशी. मैदानातलं काम काढून टेबलावर बसवलंय. सासूबाईंना वाटतं, मीच बोलायला लावलं. मी नाकारलं नाही.
नवरात्र आहे. ह्या वर्षी दरसालच्या बाहुल्या पायऱ्यांवर मांडल्या नाहीत.

२७ ऑक्टोबर
नवल! हरिकृष्णांचा फोन — मला नाही, ह्यांना. मी कान देऊन ऐकलं. नमस्कार नाही, कसे आहात नाही. म्हणाले, "लेखी सूचनांना अजून मुदत आहे. काय काय तपासायचं, ते मला येत नाही. तुम्हाला येतं. लिहा. माझ्या नावाने पाठवीन."
हे म्हणाले, "लिहितो."
तिकडून, "माफी वगैरे म्हणू नका. फक्त लिहा."

३ नोव्हेंबर
हे रोज संध्याकाळी लिहितात. वाक्य खोडतात, पुन्हा लिहितात. आज मला म्हणाले, "ऐकतेस?" इतक्या महिन्यांनी मी समोर बसले.
सिलिंडर आहे, एवढ्याने भागणार नाही. चावी उघडावी. दाबाचा काटा बघावा. मास्क लावून तपासणाऱ्याने स्वतः श्वास घ्यावा.
मी म्हटलं, "लहान मुलांचा मास्कसुद्धा. तिला तो मोठा होत होता."
ह्यांचं पेन थांबलं. मग लिहिलं.
गाडीत काय झालं ते मी ह्यांना आज पहिल्यांदा पूर्ण सांगितलं. मास्क मी पुन्हा लावला होता, तेही.

२० जानेवारी, सोमवार
नियम आले. वाचून दाखवा म्हटलं तर ह्यांना चष्मा सापडेना, डोक्यावरच होता. जवळजवळ सगळं आहे. श्वास घेऊन पाहायचं मात्र काढलंय, दाबाचा काटा आणि हवा चालू असणं ठेवलंय. मुलांचा मास्क आहे!
शाळांचाही आला. गुरुमूर्ति सार माझ्याशी बोलत नाहीत, पण ऑफिसशेजारची सामानाची खोली रिकामी करून घेतायत. खाट येणार आहे म्हणे.
आनंद झाला का? नाही. आठवीच्या वर्गावरून आज मुद्दाम गेले. त्या बाकावर आता दुसरी मुलगी बसते.

१० फेब्रुवारी
चौकशी संपली. लेखी ताकीद. हे परत मैदानात.

१० मार्च, सोमवार
नव्या नियमाची पहिली तपासणी. आमच्या भागातल्या खासगी गाड्या बोलावल्या होत्या. हे संध्याकाळी आले ते हात काळे करून. "सगळ्या उभ्या केल्या," म्हणाले. कोणाचा सिलिंडर रिकामा, कोणाची नळी फाटलेली, एकाच्यात तर चावीच गंजून बसलेली. नवे सिलिंडर तिरुचीहून यायचे. तोपर्यंत एकही गाडी मैदानातून हलवायची नाही.
हरिकृष्ण कुंपणाबाहेर उभे होते म्हणे. बराच वेळ. ह्यांनी एकेक चावी उघडली तशी बघत होते. जाताना हात वर केला.

१२ मार्च
राधाकृष्ण मोठमोठ्या लोकांचे फोन लावतायत. वरूनही विचारणा आली — "नोटीस देऊन सोडता येणार नाही का?" हे म्हणाले, "लेखी द्या." अजून कोणी दिलेलं नाही.

१५ मार्च
सासूबाई गेल्या.
काल सकाळी देवापुढे फुलं ठेवतानाच कोसळल्या. तोंड एकीकडे ओढलेलं, बोलता येईना, डोळ्यांनी मला शोधत होत्या. सरकारी गाडी तिरुप्पनंदाळच्या अपघाताला गेलेली. बाकीच्या सगळ्या ह्यांच्या सहीने मैदानात. ऑटोत आडवं केलं, पाय बाहेर राहत होते ते ह्यांनी धरले. हॉस्पिटलच्या फाटकात डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं.
आज नदीवरून आलो तर दारात राधाकृष्ण. हात जोडून. "सार, तुमच्याच घरात असं झालं. आता तरी गाड्या सोडा."
हे ओल्या वेष्टीत उभे. माझ्याकडे पाहिलं.
मी म्हटलं, "सोडू नका."