माघी अवसेचं पहिलं पान

सिंगापूर,
ता. १६ फेब्रुवारी १९७५

जोतिबास लालासाहेबाचा रामराम.

आमी इकडं खुशाल. नातवाचं बारसं झालं, नाव सिद्धू ठेवलं. मानसिंगला जहाजाच्या कारखान्यात वेल्डिंगचं काम हाय. वडूजला शाळू काढणीला आला असंल. आईचा गुडघा कसा हाय, बघून कळव.

गड्या, आपलं सिंगापूर कुठं गेलं रं? पलटणीसंगं बोटीतनं उतरलो तवाचं काय बी वळखीचं न्हाई. समुद्रात माती टाकून जमीन केलीया. रबराच्या झाडीत आपण खंदक खणले, तिथं बारा-बारा मजली घरं उभी हायती. खिडकीतनं वेळूच्या काठ्या बाहेर काढून त्यावर धुणं वाळत घालत्यात. वर बघता बघता माझी टोपी पडली. रस्त्यात थुंकलं तर दंड हाय म्हणे. तुझं काय खरं न्हाई इथं!

उद्या मानसिंग लढाईत गेलेल्यांच्या स्मारकावर नेणार हाय. आपल्या गुंडाचं नाव बघीन म्हणतो. तुझ्या वतीनं बी फूल वाहीन.

ता. २०

पत्र चार दिवस तसंच पडलं होतं. इथनं पुढचं पोस्टमनकडनं वाचून घेऊ नगंस. अक्षर जुळवत का हुईना, एकटा बसून वाच.

गुंडाचं नाव सापडलं. दगडात कोरलंय. धाकट्या भावाच्या नावावर बोट ठेवून लय वेळ उभा राहिलो. तिथं एक रजिस्टर असतंय, कोण कवा गेला त्याचं. मानसिंगनं वाचून दाखवलं. मृत्यू ९ ऑगस्ट १९४३, कैद्यांच्या दवाखान्यात.

मी म्हटलं, परत वाच. नंबर त्याचाच, बापाचं नाव बरोबर, गाव वडूज.

जोतिबा, तू काय सांगितलंवतंस? शरण गेलो त्या दिवशी सकाळी, माघी अवसेला, गुंडा तुझ्या मांडीवर गेला. तुझ्या बाटलीतलं पाणी तू त्याच्या तोंडात घातलंस. बेचाळीस साल होतं ते, त्रेचाळीस न्हाई.

कैदेत असताना दवाखान्याच्या कॅम्पात जाऊन त्याला शोधायची परवानगी मी काढली होती, आठवतंय का? चिठ्ठी हातात होती. तूच म्हणालास, "लाला, कशाला जिवाला तरास करून घेतोस? मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय." मी चिठ्ठी फाडून टाकली. तिथनं पुढं दीड वरीस माझा भाऊ जित्ता होता रं, माझ्यापासनं तीन मैलांवर.

काल ते तीन मैल चालून बघितले. ह्या दुखऱ्या पायानं बी दीड तास लागला न्हाई. दवाखान्याच्या जागी आता पोरांची शाळा हाय. नळाचं तांब्याभर पाणी घेतलं आन भिंतीकडेला ओतलं. समोरच्या खिडकीतनं एक चिनी म्हातारी बघत होती, कोण हा येडा म्हणून.

म्हंजी जखमी गुंडाला टाकून तू पळालास. त्याचा राग न्हाई. बॉम्ब पडत होते, मी बी पळालो असतो. तेवढं सांगितलं असतंस तर गळ्यात पडून रडलो असतो दोघं. पण तू तुझी लाज झाकायला माझ्या भावाला जित्तेपणी मारलंस, हरामखोरा.

घरी आल्यापासनं दर माघी अवसेला आमच्या घरात पहिलं पान तुझं. आई खीर वाढती आन तुझ्या हातावरनं हात फिरवती. "माझ्या लेकाला पाणी पाजणारा हात हाय ह्यो." तू मान खाली घालून जेवतोस. आमाला वाटायचं, दुःखानं.

येती अवस तीन आठवड्यांवर हाय, मी त्याच्या आत पोचतोय. भिऊ नगंस, आईला सांगणार न्हाई. लेक तहानलेला गेला न्हाई, एवढ्या एका आधारावर म्हातारी जगतीया. तो काढून घ्यायची छाती माझी न्हाई.

तवा तू दर सालासारखा ये. आजारपणाचं निमित्त चालायचं न्हाई. पहिल्या पानावर बस. ह्या वेळंला वाढणार मी. आई हातावरनं हात फिरवंल तवा मान वर कर, माझ्याकडं बघ, आन पोटभर जेव.

खाली 'तुझा' लिहायची सवय. आज हात चालंना.

गुंडाचा भाऊ,
लालासाहेब