त्या दिवशी टिपर कोण चालवत होतं

९ नोव्हेंबर

अक्षर नीट येत नाही आज. तरी लिहिते. नाहीतर डोक्यात तेच तेच फिरत राहील.

उईकेभाऊ गेले. आपल्या चहा-नाश्त्याच्या दुकानासमोर, कोहमाऱ्याच्या वळणावर, भर दुपारी. सकाळी चहा घेऊन ड्युटीवर उभे राहिले होते. आपली रुची भरतीसाठी रोज पळते का, विचारलं. पोलीस भरतीचं वेड तिला त्यांनीच लावलं. हवालदार माणूस, पण ग्राउंडवर येऊन घड्याळ लावून पोरीला पळवायचे.

देवरीकडून रेतीचा टिपर आला. त्यांनी हात केला, थांबला. ते समोर जाऊन मोबाईलमध्ये नंबरचा फोटो काढत होते. टिपर जरा मागे सरला. मला वाटलं, वळवतो आहे. मग पुढे आला. घाईत नाही. पाहून आला.

काचेमागे बंटी होता. टिपरच्या मालकाचा पुतण्या. गॉगल कपाळावर. मागच्याच आठवड्यात माझ्या हातचे आलूबोंडे खाऊन गेला. त्या टिपरचा रोजचा ड्रायव्हर गणपत. तो गाडीत नव्हताच.

मी धावले. पदर लावला भाऊंच्या डोक्याला. उपयोग नव्हता. टिपर साकोलीच्या रस्त्याने निघून गेला.

पोलीस आले तेव्हा माझ्याआधी रुचीचे बाबाच बोलले, ती आत होती, आवाज आल्यावर बाहेर आली. मी मान हलवली.

घरी आल्यावर मला म्हणाले, "काऊन पाहिलं तू?"

१० नोव्हेंबर

पेपरात आलं. ब्रेक फेल, अपघात, ड्युटीवरील हवालदाराचा मृत्यू. ड्रायव्हर स्वतःहून ठाण्यात हजर. नाव गणपत.

पुन्हा वाचलं. गणपतच. म्हातारा होत आलेला माणूस, कप दोन्ही हातांनी धरून चहा पितो. त्याने सांगितलं, मीच चालवत होतो.

यांनी पेपर घडी करून भट्टीत टाकला. रुचीसमोर विषय काढायचा नाही म्हणाले. पण ती माझ्याकडे पाहत होती सारखी.

११ नोव्हेंबर

उईकेभाऊंच्या गावी जाऊन आलो. वळणावरचे दुकानदार एका जीपमध्ये. देवरीच्या पुढे, जंगलातलं गाव. धान कापून बांधीत पडलेला, कोणी उचलला नव्हता. सगळे इथेच.

तिरंग्यात गुंडाळून आणलं. साहेब लोक आले, फुलं वाहिली. मग बंदुकीचे बार. हवेत झाडतात हे माहीत होतं, तरी पहिल्या बारालाच मी खाली बसले. शेजारची बाई म्हणाली, ताईले चक्कर आली. चक्कर नव्हती. भेव होता.

त्यांचे वडील रडले नाहीत. पोराच्या कपाळाला हळद लावली, गोंडीत काहीतरी बोलले. मला कळलं नाही. बाजूच्या माणसाने सांगितलं, रस्ता माहीत आहे ना, विचारून राहिले.

भाषणात एक साहेब म्हणाले, दुर्दैवी अपघात. दुसरे म्हणाले, कर्तव्यावर असताना. मारलं असं कोणी म्हटलं नाही. कोण म्हणणार. पाहिलं मी एकटीने.

त्यांची बायको सुमित्रा. माझ्यापेक्षा लहान असेल. तिच्या जवळ जायची हिंमत झाली नाही.

१३ नोव्हेंबर

दुकान उघडलं. हे म्हणाले, बंद ठेवलं तर लोकांना शंका येईल.

रस्त्यावर रेती टाकून डाग झाकला आहे. त्यांच्याच टिपरची रेती असेल. पोह्यात मीठ दोनदा पडलं. तर्री करपली. टिपरचा आवाज लांबून ओळखू येतो आता, गिअर बदलताना घरघरतो तो. आला की माझे हात आपोआप थांबतात. गेला की पुन्हा सुरू.

१५ नोव्हेंबर

पांढऱ्या गाडीतून एक जण आला. ओळखीचा नाही. पांढरा शर्ट, बोलणं फार गोड. पोहे मागवले, चांगले आहेत म्हणाला. मग कप ठेवताना, हळूच,

"भाभी, आपने तो कुछ देखा नहीं ना. अच्छा है. बिटिया सुबह ग्राउंड पे अकेली दौड़ती है, उधर गाड़ियाँ बहुत चलती हैं."

नमस्कार करून गेला.



रुचीचं पळणं बंद केलं. कारण विचारलं तर म्हटलं, थंडी वाढली. ती म्हणाली, थंडीतच तर पळायचं असते. मी ओरडले. इतकी कधी ओरडत नाही. आता बसमध्ये बसली की फोन, कॉलेजला उतरली की फोन. फोन उशिरा आला तर मी इथे भट्टीसमोर उभी, मोबाईल हातात धरून.

१८ नोव्हेंबर

तपासाच्या फौजदार मॅडम आल्या. नवीन आहेत, गोंदियाहून. वर्दीत नव्हत्या. हे धानाची पोती पाहायला गेले होते, मी एकटीच. चहा घेतला. म्हणाल्या, गणपतला टिपरबद्दल विचारलं की तो प्रत्येक वेळी वेगळं सांगतो. भाऊ कोणत्या बाजूला उभे होते तेही त्याला धड सांगता येत नाही. तुम्ही तर समोरच असता.

मी म्हटलं, आत होते.

त्यांनी भट्टीकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. भट्टी बाहेरच आहे. पुन्हा येईन म्हणाल्या.

येऊ नये असं वाटतं. आणि आल्या नाहीत तर ते मिटलंच कायमचं, असंही.

२२ नोव्हेंबर

गावात मंडई, दिवाळीनंतरची जत्रा. दरवर्षी दंडारीचं नाटक पाहायला सगळ्यात पुढे मी बसते. यंदा गेले नाही. हेही गेले नाहीत. दारं लावून तिघं घरात. बाहेरून ढोलकी ऐकू येत होती.

रुची म्हणाली, "आई, तू पाहिलंस ना?"

हे जेवता जेवता थांबले. मी भाजी वाढत राहिले.

ती म्हणाली, "मले माहीत आहे तू पाहिलंस. तू खोटं बोलली की भांडी घासत बसतेस."

हे अर्धं ताट टाकून उठले.

२६ नोव्हेंबर

आज सगळं झालं. नीट लिहून काढते.

दुपारी सुमित्रावहिनी आल्या, सोबत सासरे. एसटीने. म्हातारबांना जागा पाहायची होती. ती रेती अजून आहे. ते तिथेच उकिडवे बसले, गाड्या बाजूने चाललेल्या. हे धावत गेले, त्यांच्या मागे उभे राहून हात करून गाड्या वळवत राहिले. म्हातारबांनी पिशवीतून मोहाचं फूल काढून ठेवलं, थोडे तांदूळ. पाणी सोडलं. हाताने रेती बाजूला केली, खालचा रस्ता दिसेपर्यंत.

वहिनी माझ्याजवळ स्टुलावर बसल्या. चहा नको म्हणाल्या. त्यांनी काय काय सांगितलं. घरात भाऊंची वर्दी तशीच टांगलेली आहे, धुवायची होती ती राहिली. कागदात अपघात लिहिलं आहे. लोक येऊन समजावतात, नशिबात होतं, गाडीचा ब्रेकच तो. पोरगं शाळेत सांगून आलं, माझा बाप ट्रकखाली आला. तो तसा आला नाही, हे त्यांना आतून वाटतं, पण वाटून काय होते.

मग म्हणाल्या, "ताई, तुमी होता नं जवळ. त्यायले समजलं असन का, का आता मरतो म्हणून?"

मी इतके दिवस दुसऱ्याच प्रश्नाची तयारी करून ठेवली होती. याची नव्हती.

मी म्हटलं, "हो. त्यांनी पाहिलं त्याच्याकडे. बंटीकडे. मोबाईल खाली केला आणि पाहिलं. अपघात नव्हता तो."

बोलून झालं. भट्टीची कड धरली. हात भाजला तेही नंतर कळलं.

वहिनींनी तोंडावर पदर घेतला. पदर काढून म्हणाल्या, हे साहेबासमोर सांगाल का. मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. जाताना म्हातारबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांना काही माहीत नव्हतं, वाटलं असेल बाई हळहळते आहे.

२७ नोव्हेंबर

यांना सांगितलं. पांढऱ्या शर्टवाल्याचंही.

भांडतील वाटलं होतं. खाटेवर बसूनच राहिले. मग म्हणाले, पोरीला नागपूरला माझ्या बहिणीकडे ठेवू. म्हटलं, म्हणजे मी सांगू? म्हणाले, "तू त्या बाईले सांगून बसली. आता कोनाले कोनाले नाही म्हनशील?"

रागाने म्हणाले की कशाने, कळलं नाही.

३ डिसेंबर

रुची नागपूरला. जाताना बोलली नाही धड, भरतीचे बूट घेऊन गेली.

मॅडमना मीच फोन केला होता, त्यांनी कोर्टात नेलं, न्यायाधीशांसमोर जबाब. छोटी खोली. न्यायाधीश बाईच होत्या. कोणी दबाव आणला का, घाबरून सांगता का, विचारलं. मी म्हटलं, घाबरूनच सांगते, पण खरं सांगते. टाईप करणारा थांबला, बाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, लिहा तसंच.

सगळं सांगितलं. बंटी, गॉगल, मागे घेतला, पुढे आणला. आधी खोटं का सांगितलं तेही. सही करताना नाव पूर्ण लिहिता आलं नाही, पेन दुसऱ्यांदा लावला.

हे बाहेर बाकावर. घरी येईपर्यंत गाडीत दोघं पुढे पाहत होतो.

५ डिसेंबर

बंटी फरार. मॅडमचा फोन, घाबरू नका, शोधतो आहोत.

पकडला असता तर बरं. आता तो कुठेही असू शकतो. प्रत्येक गॉगलवाला तोच. दुकानासमोर एक शिपाई बसवला आहे, मोबाईल पाहत असतो. वाटलं होतं, सांगितल्यावर हलकं वाटेल. कोणी सांगितलं होतं असं कोण जाणे.

गिऱ्हाईक कमी झालं. टिपरवाले तर थांबतच नाहीत. शेजारचा पानठेलेवाला माझ्याशी बोलताना आधी रस्ता पाहून घेतो.

९ डिसेंबर

आज वळणावर पोलिसांनी उईकेभाऊंचा फोटो लावला, चौकीच्या भिंतीला. साधाच कार्यक्रम. ठाण्यातली सगळी मंडळी रांगेत उभी राहिली, सलाम केला. कोणाचं भाषण नाही. पण फोटोखाली लिहिलं आहे, अवैध रेती वाहतूक रोखताना वीरमरण. अपघात नाही. वहिनी आल्या होत्या, पोराला घेऊन. त्याने ते मोठ्याने वाचलं, अक्षर लावून लावून. वीरमरण शब्दाला अडला. वहिनींनी सांगितला. त्याने पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

मी लांबून पाहिलं. रडू आलं तेव्हा भट्टीकडे तोंड केलं. एक टिपर त्याच वेळी गेला. वेग कमी केला, मग वाढवला. ड्रायव्हरने नमस्कार केला की काय केलं, दिसलं नाही.

१४ डिसेंबर

गणपतची बायको आली होती. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. शिपाई नाश्त्याला गेला तेवढ्यात, लांब उभी होती ती जवळ आली. नाव सांगितल्यावर मी उलथनं घट्ट धरलं. शिव्या देईल वाटलं.

ती बसलीच नाही आधी. म्हणाली, तुम्ही सांगितलं म्हणून आता टिपरमालकाचे लोक रोज घरी येऊन राहिले. गणपतने शब्द फिरवू नये म्हणतात. फिरवला तर जेलातच त्याचं काही होईल. तुम्ही चांगलं केलं का वाईट, मला समजत नाही.

मी स्टूल पुढे केलं. बसली. चहा दिला तर नवऱ्यासारखाच दोन्ही हातांनी धरला.

मग खाली पाहून म्हणाली, "त्या दिवशी तो घरीच होता. तापानं फनफनत होता. पूर्ण मोहल्ल्यानं पाहिलं."

रस्त्यावरून गाड्या जात होत्या. तिने विचारलं, "सांगून आता कसं वाटते तुमाले?"

खोटं सांगता आलं असतं. म्हटलं, "भेव लागते. पयलेपेक्षा जास्त."

तिने मान हलवली, जणू हेच ऐकायला आली होती. कप ठेवला. तुमचा जबाब घेतला त्या मॅडम कुठे बसतात, विचारलं. मी सांगितलं. तोंडाने सांगितलं, आणि मनात म्हणत होते, बाई, नको जाऊस.

ती उठली आणि वळणाकडे गेली. तिथे दोन्हीकडच्या बस थांबतात, तिच्या गावाची आणि ठाण्याकडची. दोन्ही पाठोपाठ आल्या. तोवर शिपाई परत आला, चहा द्या म्हणाला. दोन्ही बस निघून गेल्यावर पाहिलं तर वळणावर कोणी नव्हतं.