कॅमेऱ्यापुढच्या मिरच्या

शनिवार, संध्याकाळ

यंत्रणा उत्तम आहे, हे आधी लिहून ठेवतो. जुना मोबाईल ओट्याच्या पत्र्याखाली कॅमेरा म्हणून बांधलाय. समोर काही हललं की दिवा लागतो आणि फोटो माझ्या फोनवर येतो. ओट्यावरून पाण्याची मोटर चोरीला गेली तेव्हापासून, आई दिवसभर एकटी असते हे डोक्यातून जातच नव्हतं. आज पहिल्यांदा निर्धास्त होऊन संगमनेरला कॉलेजात शिकवायला गेलो.

दुसऱ्या तासाला फोन थरथरायला लागला, तो थांबेचना. फोटो उघडून बघायचं सुचलंच नाही. तास सोडला, गाडी काढली, राहुरीला घरी पोचेपर्यंत कुठे थांबलो नाही. आई ओट्यावर शेंगा सोलत बसलेली. कॅमेऱ्यापुढे लिंबू आणि सात मिरच्या, वाऱ्यावर मजेत झुलतायत.

“आई, हे कशाला?”

“दिष्ट लागंल त्याला. ते समद्या घराकडं बघतंय, त्याच्याकडं कुनी बघायचं?”

मिरच्या टाकून दिल्या नाहीत, मोबाईलच्या मागच्या बाजूला बांधल्या. आता झकास चाललंय. मी बनवलंय, चालणारच!

मग फोटो पुसायला बसलो. मिरची, मिरची, नुसती मिरची. सगळ्यात पहिला फोटो मात्र आईचा. गुडघ्याला पट्टा, एक हात वर, आणि उभी कशावर? त्या डुगडुगत्या स्टुलावर. आणि मी चोराची काळजी करत होतो.

सोमवारी निघताना आधी स्टूल कुलपात.