नोड सोडून मी कुठे जाऊ?

४ मार्च, सकाळ
नात नोकरीसाठी परगावी गेली. तिचा कॉम्प्युटर आता माझ्या खोलीत. त्यात विंडोज आणि विंडोजमध्ये नोड. जगभर लोक डोळ्यांना न दिसणारे पैसे एकमेकांना देतात. त्या सगळ्या व्यवहारांची नक्कल नोड ठेवतो आणि खरं-खोटं तपासतो. मी तिसरी पास, पण खरं-खोटं तपासण्यात या घरात माझा हात कोण धरणार? पगार मात्र नाही. सून म्हणाली, मग उपयोग काय? म्हटलं, तुला तरी कुठे आहे पगार.
नातीची सूचना: आजी, कशालाही हात लावू नकोस, फक्त बंद करू नकोस. एवढी मोठी जबाबदारी!

संध्याकाळ
मोठ्या मुलानं विषय काढलाच. आई, आता थोडे महिने धाकट्याकडे राहा. तिथली सून मीठ मोजून घालते आणि सकाळी बागेत नेऊन माझ्याकडून हात वर, हात खाली करून घेते. म्हटलं, मी गेले तर नोड कोण बघणार? मोठा उठून आत गेला. नोड फार कामाची वस्तू आहे.

७ मार्च
धूळ बसू नये म्हणून कॉम्प्युटरवर शाल घातली. आतला पंखा जोरात घोंघावायला लागला. मेहनती आहे बिचारा. सून म्हणाली, गुदमरतोय तो. शाल काढली. माझा टेबलफॅनही त्याला दिला. मी पुठ्ठ्यानं वारा घेते.

११ मार्च
विंडोज सारखं विचारतं, अपडेट आलंय, रीस्टार्ट आत्ता की नंतर? नंतर. पुन्हा विचारतं. नंतर! असल्यांना मी दारातूनच परतवून लावते.
शेजारीण बघायला आली. म्हटलं, मी उठले तर जगाचे व्यवहार अडतील. म्हणाली, मग आंघोळ कधी करता? जळते मेली.

१२ मार्च
आंघोळ करून आले तर कॉम्प्युटर आपला आपण बंद होऊन पुन्हा चालू झालेला. पण गुण आला. नोडच्या काळ्या चौकोनातली आकड्यांची पळापळ थांबली. आता पडद्यावर डोंगर आणि तळं. पंख्याचा आवाज नाही. टेबलफॅन परत घेतला. उगाच घाबरत होते मी अपडेटला.

२३ मार्च
धाकट्याला फोन केला. सांगितलं, तुझ्याकडे यायला जीव तुटतो रे, पण नोड माझ्याशिवाय चालत नाही. तो म्हणाला, आई, कमाल आहे तुझी! तोडगा काढतो. मनात म्हटलं, कसला तोडगा काढतोय हा. जमलं.

२६ मार्च
नातीचा फोन. नोड कितीतरी दिवस बंद आहे म्हणे. रीस्टार्ट झाला की तो हातानं चालू करावा लागतो. म्हणजे मी रोज डोंगराचं चित्र राखत बसले होते. वर म्हणाली, काळजी करू नकोस, असे हजारो नोड आहेत. हे जास्त लागलं.
चालू कसा करायचा ते तिनं सांगितलं. मला समजलं. कॉम्प्युटरला समजलं नाही.
म्हटलं, तुझ्या बापाला यातलं काही बोलू नकोस. कबूल झाली.

२९ मार्च
मोठा विचारत होता, नोड कसा आहे? ठणठणीत, म्हटलं.

३० मार्च, दुपार. धाकट्याच्या घरी.
धाकटा सकाळीच गाडी घेऊन दारात हजर. कॉम्प्युटरसाठी नवं टेबल घेतलंय, इंटरनेट वाढवून घेतलंय. आई, तुझं काम अडायला नको. बंद आहे म्हणावं, तर मोठ्याकडे राहायला कारण काय? म्हटलं, चालू आहे, मध्येच बंद करायचा नसतो. त्यानं लगेच नातीला फोन लावला. ती म्हणाली, थोडा वेळ बंद राहिला तर चालतं. शब्द पाळला पोरीनं, नको तिथे.
कॉम्प्युटर रजईत गुंडाळून पुढच्या सीटवर, पट्टा लावून. मी मागे, पिशव्यांत.
वाटेत गाडी खड्ड्यात आपटली. धाकट्यानं घाबरून विचारलं, लागलं नाही ना? म्हटलं, नाही रे बाळा.
तो रजई चाचपत होता.