प्रभूची इच्छा आणि सव्वासातची बस

सोमवार, ३
काल पाळकसाहेबांनी उपदेशात सांगितलं, सगळ्यावर सत्ता देवाची. पटलं. आजपासून कशातही लुडबुड करायची नाही. धाकट्या लेकीला दूरच्या शहरात नर्सची नोकरी लागलीय. शनिवारी बाराच्या आत हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसरीला. तेही देवावर सोपवलं. हलकं वाटलं. तो तिला जाऊ देणार नाही, याची खात्री आहे.

मंगळवार, ४
देवाकडे खूण मागितली. दुपारी निरोप आला, हॉस्टेलची खोली पक्की. ही खूण धरत नाही. मी नीट खुलासा केला नव्हता.

बुधवार, ५
आज खुलासेवार मागितली: जायचं नसेल तर बायकोला रडू यावं. बायको गुणगुणत बॅगेत स्वेटर भरत होती. वर मला म्हणाली, देव तुमच्या हाताखाली कधीपासून लागला? एक स्वेटर घडी करून दिला. नम्रता.

गुरुवार, ६. सकाळी ९, डेपो
देव माणसाच्या हातून काम करतो. तिकडे जाणारी बस एकच, सव्वासातची, रस्ता चार तासांचा. आणि वेळापत्रक कोणाच्या हातात? माझ्या. नोटीस लिहून लावली: शनिवारी बस पावणेदहाला सुटेल. ही लुडबुड नव्हे, आज्ञापालन. इतर चाळीस प्रवाशांसाठी त्याची वेगळी योजना असेलच.

शुक्रवार, ७
नोटीस बघून धक्का बसल्याचा चेहरा आरशासमोर करून पाहिला. छान जमतो.

शनिवार, ८. सकाळी ८
बस सव्वासातला गेली. धाकटीसकट. सुटण्याआधी मी ड्रायव्हरला नोटीस दाखवली होती. तो म्हणाला, वाचली साहेब, शेवटी लिहिलंय 'प्रभूची इच्छा असल्यास'. असल्यास म्हणजे नक्की नाही, आणि नक्की नसेल तर जुनी वेळ, हा नियम तुमचाच. ते शब्द माझेच. बारा वर्षं चर्चच्या नोटिसा लिहितोय, प्रत्येकीच्या शेवटी हेच. हाताला वळण पडलंय, दुसरं काय. चेहरा वाया गेला.

रविवार, ९
पाळकसाहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, लेकीला देवावर सोपवून धाडलं, विश्वास शिकावा तर यांच्याकडून. मी मान खाली घातली. लोकांना ती नम्रता वाटली.
दुपारी धाकटीचा फोन. वेळेत हजर झाली, जेवण बरं आहे. मग म्हणाली, गुरुवारी तिकीट काढायला गेले तेव्हा नोटीस वाचली, अक्षर ओळखलं. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, देवावर सोपवलं होतं, पप्पा. खरोखरचं.