लावायलाच पाहिजे असे नाही

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, व्यवसाय इंग्रजी संभाषणाचे वर्ग चालवणे (आता बंद), हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, सकाळचा चहा झाल्यावर, माझ्याच टेबलाशी बसून लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दिला असून तो सोबत टाचला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. भीती मात्र आहे. उद्या सकाळी आठ वाजता माझी छाती उघडणार आहेत आणि हे लिहिताना मला दरदरून घाम फुटला आहे. वकील म्हणाले, असले काही मृत्युपत्रात लिहीत नाहीत. त्यांना म्हणायला काय जाते, छाती त्यांची उघडायची नाही.

कलम १. शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या माझ्या स्वकष्टाच्या आहेत. पुढच्या खोलीत बत्तीस वर्षे वर्ग चालला, मागच्या खोलीत आम्ही चौघे राहिलो. दोन्ही खोल्या मुलगा आणि मुलगी यांना समान हिश्श्याने मिळाव्यात. मुलगी म्हणेल, 'त्याच्याबरोबर एका कागदावर माझं नाव नको.' तिने घाई करू नये. आधी कलम तीन वाचावे, मग काय ते बोलावे. जिन्याची तिसरी पायरी हलते, तिला खिळे मारून घ्यावेत. मी सात वर्षे मारीन मारीन म्हणत राहिलो.

कलम २. वर्गाचे सामान. बाके आणि फळा शिंप्याला द्यावा, त्याला कापड बेतायला लाकूड होईल. माझे तिन्ही शब्दकोश मुलीने घ्यावेत. भिंतीवरचा तक्ता मात्र मागच्या गल्लीतल्या 'तीस दिवसांत फाडफाड'वाल्याला द्यावा. त्याने माझे निम्मे विद्यार्थी पळवले आणि 'आय मस्ट टू गो' शिकवून परत पाठवले. नाकाला झोंबलेली मिरची अजून उतरलेली नाही.

तक्ता मी हाताने रंगवला आहे. मस्ट म्हणजे केलेच पाहिजे. हॅव टू म्हणजे करावे लागते, मग इच्छा असो वा नसो. शुड म्हणजे करायला हवे, पण नाही केले तर कोणी फासावर चढवत नाही. तळाला लाल रंगात लिहिले आहे की मस्ट नॉट आणि डोन्ट हॅव टू हे एक नव्हेत. पहिल्यात मनाई आहे, दुसऱ्यात मोकळीक. आपली माणसे इथे हमखास गचके खातात. 'यायलाच पाहिजे असं नाही' हे वाक्य मनात मराठीत जुळवतात, 'यायलाच पाहिजे'चे मस्ट करतात, 'नाही'चे नॉट करतात, दोन्ही चिकटवतात आणि पाहुण्याला सांगून बसतात, यू मस्ट नॉट कम. म्हणजे खबरदार पाऊल टाकलेत तर! या एका धड्याला वर्गात हसून हसून पुरेवाट व्हायची. त्यावरूनच पोरे मला पाठीमागे मस्ट मास्तर म्हणत. मला ठाऊक होते आणि मनातून आवडतही होते.

एकदा बसथांब्यावर तो फाडफाडवाला म्हणाला, 'मास्तर, एवढा कीस कशाला काढता? समोरच्याला कळल्याशी कारण.' मी चारचौघांत त्याला सुनावले, 'अहो, एका शब्दानं माणूस मरतो.' बोलून गेलो, आणि घरी येऊन मोरीत ओकलो. का, ते पुढच्या कलमात आहे.

कलम ३. हे कलम लिहायला सकाळी अकराला बसलो होतो. आता अडीच वाजले आहेत.

अकरा वर्षांपूर्वी मुलांच्या आईला मोठ्या इस्पितळात ठेवले होते. तिला श्वास घेता येत नव्हता. मोठे डॉक्टर बाहेरून आलेले, आपली भाषा त्यांना येत नव्हती. ते खाटेपाशी आले आणि इंग्रजीत म्हणाले, श्वासाचे मशीन लावता येईल, उपयोग होईलच असे सांगता येत नाही, तुमचे काय म्हणणे? मला म्हणायचे होते, 'लावायलाच पाहिजे असं नाही, पण तुम्हाला योग्य वाटलं तर लावा.' माझ्या तोंडून निघाले, 'यू मस्ट नॉट, डॉक्टर.' पुढचे अर्धे वाक्य मनातच राहिले.

डॉक्टरांनी मान हलवली आणि कागदावर नकार लिहिला. माझा हात थरथरत होता म्हणून सही मुलाने केली. नर्स मशीन ढकलत पलीकडच्या खाटेकडे घेऊन निघाली तेव्हा मी काय बोललो ते मला कळले. तेव्हा नुसती हाक मारली असती तरी मशीन दहा पावलांवरून परत आले असते. मी हाक मारली नाही. ज्या चुकीवर आयुष्यभर लोकांना हसवले ती मी केली होती, आणि मुलादेखत, नर्सदेखत ती कबूल करायची मला लाज वाटली. बायकोचा जीव जात होता आणि या शहाण्याला लाज वाटत होती! सव्वा तासाने ती गेली.

मुलगी दुपारी पोहोचली. कागदावर भावाची सही बघून तिने त्याला विचारले, 'तू नाही म्हणालास? आईला?' तो खाली मान घालून उभा राहिला. मीही राहिलो. त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलत नाही. त्याच्या लग्नाला गेली नाही. मी अकरा वर्षे तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. तरी याद्वारे लिहून देतो की नकाराचे शब्द माझे होते. मुलाचा त्यात फक्त हात होता, तोही माझ्याऐवजी. तिने त्याला क्षमा करायचा प्रश्नच येत नाही, कारण त्याने काहीच केलेले नाही.

कलम ४. उद्याविषयी. इस्पितळाने चार पानी इंग्रजी फॉर्म दिला आहे. सात वेळा वाचला. पेशंटने हे मस्ट, नातेवाइकांनी ते शुड. अक्षरे डोळ्यांपुढे नाचतात. वेळ आली तर मशीन लावायचे का, असे त्यात विचारले आहे. उत्तर इंग्रजीत लिहायला माझा हात धजत नाही, म्हणून इथे मराठीत लिहितो, डॉक्टरीणबाईंनी ते तिकडे आजच कळवावे. लावा. मला जगायचे आहे. एकाहत्तर काही कमी नाहीत असे लोक म्हणतात, म्हणोत बापडे. मला मरायची फार भीती वाटते. त्याहून जास्त भीती वाटते ती याची, की तिकडे ही भेटली आणि तिने विचारले, 'का हो, नको का म्हणालात?' तर मी कुठल्या तोंडाने उभा राहू?

येथे मृत्युपत्र संपले होते. साक्षीला शिंपी आणि डॉक्टरीणबाई येऊन बसले. साक्षीदाराने मजकूर वाचायचा नसतो, पण कलम चारसाठी बाईंच्या हातात कागद दिला आणि त्यांनी कलम तीनही वाचले.

'मास्तर, या मृत्युपत्राचं पाकीट उघडायचं कधी?' बाईंनी विचारले.

'मी गेल्यावर.'

'आणि उद्या तुम्ही धडधाकट परत आलात तर? त्या पोरानं आणखी दहा वर्षं ठपका सोसायचा?'

मी म्हणालो, 'मुलीला फोन करायला हवा खरा.'

'हवा-बिवा काही नाही. करा!'

शिंपी बिचारा एकदा माझ्याकडे बघे, एकदा त्यांच्याकडे. मी फोन केला.

कलम ५, नंतर वाढवलेले. मुलगी रक्त तपासायच्या लॅबमधून अंगावरच्या पांढऱ्या कोटासकट आली. तिने कलम तीन उभ्याने वाचले. मला वाटले, आता कागद फाडते. तिने पुन्हा पहिल्यापासून वाचले. मग म्हणाली, 'बाबा, त्याची मुलगी नऊ वर्षांची झाली. मी तिला अजून पाहिलेलं नाही.' मी हात जोडले. ती ओरडली, 'हात कसले जोडताय? माझ्याकडे नाही, तिकडे जोडा! आत्ता, माझ्यासमोर.' माझी बोटे आकडे दाबेनात. तिनेच दाबले आणि फोन स्पीकरवर ठेवला. तिला भावाचा नंबर तोंडपाठ होता.

मुलगा बसडेपोत मेकॅनिक आहे. त्याच्यामागे इंजिन घरघरत होते. मी अडखळत सगळे सांगितले. 'लावायलाच पाहिजे असं नाही, एवढंच मला म्हणायचं होतं रे. माझं चुकलं.'

त्याने कोणाला तरी इंजिन बंद करायला सांगितले. मग तो म्हणाला, 'मी शेजारीच होतो, बाबा. यू मस्ट नॉट. स्पष्ट ऐकलं मी.'

'मग बोलला का नाहीस?'

'मला वाटलं, तुम्ही ठरवलंय. आईचे आणखी हाल नकोत म्हणून. ताईला तुमचं नाव कसं सांगणार होतो? आधीच आई गेलेली.'

मुलीने फोन माझ्या हातून ओढून घेतला. रडत होती. 'पण अरे, एकदा तरी विचारायचंस यांना! चुकून बोलले असतील, असं नाही का आलं तुझ्या मनात?'

तो म्हणाला, 'बाबांचं? इंग्रजी? ते कसं चुकेल, ताई?'

वरील मजकूर मी वाचला, मुलीने वाचला, मुलाला फोनवर वाचून दाखवला. तो बरोबर आहे.

सही: केली आहे. अक्षर वाकडे आले आहे, पण माझेच आहे.

साक्षीदार: तळमजल्यावरचा शिंपी. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई.

ठिकाण: राहत्या घरी, पुढची खोली.
दिनांक: ऑपरेशनच्या आदला दिवस, संध्याकाळी पावणेसहा. मुलगा निघाला आहे.