बावीस फेब्रुवारीची सरळ रेघ

मंगळवार, ५ सप्टेंबर

कुत्री मेलेलीच होती. जनावरांच्या डॉक्टर इल्वाचे फोनवरचे शब्द – "सिग्ने, टेबलावर ठेवली तेव्हा मेलेलीच होती म्हण ना!"

दवाखान्यातून फोन येणं नेहमीचंच. जनावर टेबलावर असतानाच डॉक्टर आम्हा विमावाल्यांना विचारते, दावा बसतो का, आणि मी एका हाताने फोन धरून दुसऱ्याने टंकत बसते. ताप? किती दिवस? आधी कधी असं? एकोणीस वर्षं हेच. इल्वा भराभर सांगत होती. मिर्रा, एल्कच्या – त्या घोड्याएवढ्या हरणाच्या – शिकारीतली करडी कुत्री, सहा वर्षांची. कालच शिकारीचा मोसम सुरू झाला, आज सकाळी जंगलात कोसळली. अंग गार. नाडी मिनिटाला अडतीस. हिरड्या पांढऱ्याफटक. रक्तातलं मीठ पार उतरलेलं. मूत्रपिंडांवर शेंगदाण्याएवढ्या दोन ग्रंथी असतात, त्यांनी कामच सोडून दिलेलं. इल्वाने शिरेतून मिठाचं पाणी सोडलं, ग्रंथींचा रस सुईने दिला, आणि आता वाट बघत होती.

मी दाव्याचा क्रमांक टंकत होते आणि पलीकडून भुंकणं ऐकू आलं!

"ऐकलंस?" इल्वा ओरडली. "उठून बसलीये बया!"

मीठ आणि पाणी! आपण बटाट्यांवर टाकतो तेच मीठ. माझ्या अंगावर काटा आला, तो घरी येईपर्यंत गेला नाही.

तरी इल्वाला सांगितलं, होकार आज नाही. आधी कागद बघेन.

बुधवार, ६ सप्टेंबर

मालकाचा फोन. एव्हर्ट गिस्लेन, वय एकाहत्तर. आवाज जंगलातल्या माणसांचा – एक वाक्य, मग मोठी शांतता.

"बाई, होय की नाही, तेवढं सांगा."

म्हटलं, इतक्यात नाही सांगता येणार.

"महिन्याला सुई, रोज गोळी, मरेपर्यंत. माझ्या पेन्शनीत नाही बसत ते. दुसरी सुई तीन ऑक्टोबरला. नाही म्हणालात, तर त्या दिवशी तिला कायमची झोपवा म्हणून इल्वाला सांगेन. अर्धवट जगवणार नाही."

रागावला नव्हता, रडतही नव्हता. हवामान सांगावं तसं सांगितलं. आणि फोन ठेवता ठेवता – "कुत्री माझ्या भावाची. तो डिसेंबरात गेला."

शुक्रवार, ८ सप्टेंबर

विमा एक मार्चपासूनचा. भावाने विमा काढलाच नव्हता, एव्हर्टने कुत्री घरी आणल्यावर काढला. आमचा नियम सरळ: आजाराचं पहिलं लक्षण विम्याच्या आधीचं असेल, तर दावा नाही. आणि हा आजार म्हणजे महाचोर! महिनोन्‌महिने घरात वावरतो, एखाद्या दिवशी जेवण नको, एखाद्या दिवशी उलटी, पुन्हा सगळं ठीक.

इल्वाच्या कागदांत एप्रिलात एकदा उलटी, जूनमध्ये एकदा. दोन्ही मार्चनंतरच्या, म्हणजे ठीक. पण मार्चच्या आधी? एक कागद नाही. भाऊ कुत्रीला कधी डॉक्टरकडे घेऊन गेलाच नव्हता.

गुनेल – माझी साहेबीण, दुपारच्या कॉफीला दालचिनीचा बन दोन बोटांत धरून – "अगं, पुरावा नाही म्हणजे नाही. तू काय त्या कुत्रीच्या प्रेमात पडलीस की काय?"

पडले असेन. भुंकणं मी ऐकलंय, तिने नाही.

एव्हर्टला फोन करून सांगितलं: मार्चआधीचं काहीही असेल ते पाठवा.

सोमवार, ११ सप्टेंबर

आला पुरावा! शिकारी कुत्र्यांच्या गळ्यात असतो तो माग काढणारा पट्टा – कुत्रा कुठे गेला, किती धावला, किती भुंकला, सगळं मालकाच्या फोनवर उमटतं. एव्हर्टने जानेवारीपासूनची सगळी नोंद पाठवली. सोबत एक ओळ: "कामाचं आहे का बघा."

दिवसभर दुसरं काही केलं नाही. पडद्यावर आमचंच जंगल, आमचीच तळी, आणि त्यावर एका कुत्रीच्या रेघा. काय त्या रेघा! इथे वळली, तिथे थबकली, दलदलीला तीनदा वळसा, मग टेकडीवर सरळ चढण – एल्कचा वास लागला असणार. जानेवारीत एका दिवशी एकतीस किलोमीटर! भुंकण्याचे आकडे शेजारी: चारशे, सहाशे, एकदा अकराशे. एल्कला अडवून एका जागी उभी राहून अकराशे वेळा, मालक येईपर्यंत.

मी खुर्चीवरून बसल्या बसल्या लोकांच्या जनावरांचे निवाडे करते. एवढ्या वर्षांत एकाही जनावराचा दिवस असा पाहिला नव्हता. तोंडात बोट घालायची वेळ आली.

मंगळवार, १२ सप्टेंबर

रात्री स्वप्नातही रेघा.

शुक्रवार, १५ सप्टेंबर

होकार दिला.

गुनेलशी तासभर हुज्जत घातली. शेवटी मी बावीस फेब्रुवारीचं पान तिच्यापुढे ठेवलं. विम्याच्या आठवडाभर आधी, गुडघाभर बर्फात, वरच्या तळ्यापासून घरापर्यंत नऊ किलोमीटर. सरळ रेघ! कुठे थांबणं नाही, भटकणं नाही, भुंकण्याचा आकडा शून्य. म्हटलं, आजारी कुत्री अशी चालेल का गं?

गुनेलने रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "बरं बाई. तुझंच खरं."

पत्रात मी तेच लिहिलं – ‘आजार अचानक आलेला. बावीस फेब्रुवारीच्या नोंदीवरून प्राणी तेव्हा निरोगी होता हे दिसते.’ सही केली. जीव भांड्यात पडला. येताना स्वतःसाठी ट्राउट मासा घेतला आणि बडीशेप घालून छान शिजवला.

गुरुवार, २१ सप्टेंबर

एव्हर्टचं पत्र. हाताने लिहिलेलं, पेन्सिलीने. आठ वेळा वाचलं, आता पाठ झालंय.

"तुमचं पत्र मिळालं. तीन दिवस विचार केला. बावीस फेब्रुवारीबद्दल तुम्ही लिहिलंत ते बरोबर नाही."

त्या दिवशी तो तळ्यावर बर्फाला भोक पाडून मासे धरायला गेला होता. मिर्रा बर्फावर आडवी झाली ती उठेचना. हिरड्या पांढऱ्या. "पट्टा तिला जड होईल म्हणून काढून माझ्या पिशवीला अडकवला. बंद करायचा राहिला. तिला पाठीवर घेतलं आणि घरी आलो."

पाठीवर! अठ्ठावीस किलोची कुत्री, पायांत स्की, वय एकाहत्तर, नऊ किलोमीटर. ती रेघ म्हाताऱ्याची होती! थांबला नाही, कारण थांबला असता तर पुन्हा उठता आलं नसतं.

आणि मी! शिकाऱ्याची मुलगी मी! लहानपणी बाबांच्या मागे जंगल तुडवलेली. मोकळा कुत्रा सरळ रेषेत कधी चालत नाही, हे मला सात वर्षांची असताना ठाऊक होतं. मला कुत्री धडधाकट हवी होती, म्हणून तशी दिसली. लाज वाटते.

पुढची ओळ वाचून तर मी दारच लावून घेतलं. "घरी आणून खारवलेल्या हेरिंगचं पाणी पाजलं, दुसरं काही नव्हतं. सकाळी बरी झाली. म्हणून डॉक्टरकडे नेलं नाही."

खारवलेल्या माशाचं पाणी. मीठ! इल्वाने टेबलावर केलं तेच त्याने चुलीपाशी केलं होतं, सहा महिने आधी, काही माहीत नसताना. आजार तोच होता, शंकेला जागाच नाही. स्वतःच्याच हाताने त्याने दाव्याचा गळा घोटला.

शुक्रवार, २२ सप्टेंबर

गुनेल यावेळी थट्टा करायला धजली नाही. पत्र वाचलं, चष्मा काढला, म्हणाली, "नाही असंच लिहावं लागेल, सिग्ने."

लिहिलं. आणि पत्र पोचण्याआधी त्याला फोन केला, कारण असलं काही पाकिटातून कळू नये.

"माहितीये बाई," तो म्हणाला.

मला राहवलं नाही. म्हटलं, अहो एव्हर्ट, होकार हातात होता! कोणी विचारायला येणार नव्हतं! कशाला लिहिलंत? – विमा कंपनीची बाई मी, आणि हे बोलले!

पलीकडे त्याने मिर्राला जवळ बोलावल्याचं ऐकू आलं.

"भावाची कुत्री आहे. तिला खोट्यावर कशी जगवू?"

मग त्यानेच मला समजावलं – मी माझं काम नीट केलं, मनाला लावून घ्यायचं नाही. तीन तारखेपर्यंत बरेच दिवस आहेत. उद्या शिकारीवरची मंडळी शेकोटीपाशी जमतील, तिथे मिर्राला घेऊन जाणार आहे, सगळ्यांना भेटवायला.

मी बाथरूममध्ये जाऊन रडले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. या माणसापुढे मी कोण? आमच्या नियमांचं जाडजूड पुस्तक कोण?

रविवार, २४ सप्टेंबर

जंगलाच्या बाजूने बंदुकीचे दोन बार ऐकू आले. बाकी दिवसभर काही नाही.

सोमवार, २ ऑक्टोबर

उद्या. इल्वाला फोन करणार नाही. ती करेल.

मंगळवार, ३ ऑक्टोबर

अकरा वाजता इल्वाचा फोन. सुई दिली! झोपवायची नव्हे – दुसरी, औषधाची. एव्हर्टने शेकोटीपाशी सांगितलं तेव्हा सगळे नुसते कॉफी संपवून उठले म्हणे. आज सकाळी एक जण दवाखान्यात येऊन इल्वाच्या टेबलावर एक कागद ठेवून गेला. एकेका सुईपुढे तिचे पैसे भरणाऱ्या एकेकाचं नाव. टोळीत माणसं बारा. पण सुई अठ्ठावीस दिवसांनी लागते, म्हणजे वर्षाला तेरा. खालची एक ओळ रिकामी राहिली होती.

मी इल्वाला म्हटलं, तिथे माझं नाव लिही. पेनाने.